ए रांगेतलं कोमट पाणी

सोमवार, ४ जुलै

लिफ्टमधल्या फळ्यावर आज बेंतांकोरसाहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली. मी आरसा पुसत होते. "जरा सरका, बाई," म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात लांबवून चार टाचण्या टोचल्या. शनिवार, २३ जुलै, संध्याकाळी सहा वाजता तळमजल्यावर सर्व मालकांची सभा. आपापली खुर्ची आणावी. विषय एक : ए रांगेतलं गरम पाणी. विषय दोन : केअरटेकर बाईंना कायम करणे किंवा न करणे.

दोन विषय लिहिलेत, पण सात मजल्यांवरच्या चौदाही घरांना ठाऊक आहे की तो एकच विषय आहे. मी दोन मेला इथे आले आणि त्याच महिन्यात ए रांगेतलं पाणी कोमट झालं. बी रांगेत चटका बसेल असं येतं. बॉयलर एकच, तळघर एकच, बाईही एकच. मग खोट कुणात, हे ज्याने त्याने ठरवून टाकलंय. बेंतांकोरसाहेब समितीचे अध्यक्ष, चौथ्या मजल्यावर ए मध्ये राहतात. बाईच नको, एखादी कंपनी नेमू, कॅमेरे बसवू आणि खाली लिफ्टमागची खोली भाड्याने देऊ, असं त्यांनी मार्चपासूनच मनात घेतलंय.

ती खोली म्हणजे माझं घर. खिडकी फुटपाथच्या उंचीला आहे, दिवसभर लोकांचे बूट दिसतात. मला आवडते. ती गेली तर दूर रिवेरा गावी बहिणीच्या स्वयंपाकघरात खाट टाकायची. नवऱ्याचं घर सोडल्यावर सहा महिने तिथे काढले आहेत. मेहुणा वाईट माणूस नाही, पण रोज सकाळी मला तिथे पाहून त्याला नव्याने आश्चर्य वाटायचं. पुन्हा तिथे जायचं नाही मला.

खरं काय ते इथे लिहून ठेवते, दुसरीकडे बोलायची सोय नाही. मुलाखतीत विचारलं, "बॉयलर सांभाळता येतो?" मी म्हटलं, "येतो." अकरा वर्षं लाँड्रीत काम केलं हे खरं. पण तिथला बॉयलर भिंतीपलीकडे होता.

बुधवार, ६ जुलै

तळघरात ए रांगेचा गरम पाण्याचा पाइप जिथून वर चढतो तिथे पितळी व्हॉल्व्ह आहे, लाल चाकाचा. त्याच्या दांडीतून पाणी ठिबकतं. मी खाली डुल्सेचा, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचा, रिकामा डबा ठेवलाय, दिवसातून दोनदा ओतावा लागतो. आज हिय्या करून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या अन्सेल्मोला विचारलं. सत्तरीचा आहे, पूर्वी नळकाम करायचा, आता गुडघे गेले म्हणून दुकानात बसतो.

"चाक फिरवलं तर किती फिरतं?"

"फिरतच राहतं."

"आणि पाणी थांबतं?"

"नाही."

"मग आतला पडदा दांडीवरून सुटलाय, इंजिनिअरबाई. अर्धवट लोंबत असेल पाइपात. पाणी चढणार कसं वर?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे खोट व्हॉल्व्हमध्ये आहे, माझ्यात नाही. त्याने गोळीचा नवा व्हॉल्व्ह दाखवला, दांडा पाव वळसा फिरवला की बंद. आट्यांवर ताग कसा गुंडाळायचा, वर लेप कसा लावायचा, हे एका तुकड्यावर तीनदा करून घेतलं माझ्याकडून. "टेप लोखंडी पाइपाला चालत नाही, ते कालच्या पोरांचं काम," म्हणाला. पुढच्या शनिवारी करते.

परत आले तर इंटरकॉम वाजत होता. सातव्या मजल्यावरच्या ए मधल्या दोन्या इर्मा; वयाचा मान म्हणून सगळे दोन्या म्हणतात. दार लोटलेलंच असतं त्यांचं, ढकलून आत जायचं, किल्ली फिरवायला उठायचीसुद्धा त्यांना तोशीस नको. खिडकीपाशी शालीत हात गुंडाळून बसल्या होत्या. टेबलाकडे हनुवटीने खूण केली. "झाकण काढ." पीचच्या मुरंब्याची बाटली. उघडून दिली. "आता कागद घे. लिही." समितीला चार ओळींचं पत्र, जिन्यातल्या दिव्याबद्दल. बाई चाळीस वर्षं टायपिंग शिकवत होती, कपाटावर स्वतःचा टाइपरायटर आहे, आणि चार ओळी माझ्याकडून लिहून घेते. मागच्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला सात मजले बोलावलं होतं. काही लोकांना माणूस समोर आला की त्याला राबवून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

शनिवार, ९ जुलै

सकाळपासून पाऊस. प्रत्येक मजल्यावर तोर्ता फ्रिता, पावसातल्या त्या जाड पुऱ्या, तळल्याचा वास, लिफ्टमध्ये तर चरबीच चढते अंगावर. मीही चार तळल्या.

अकराला बेंतांकोरसाहेब थर्मामीटर घेऊन आले. मांस भाजताना टोचतात तसला. त्यांच्या न्हाणीघरातल्या नळाखाली मला उभं केलं आणि काटा स्थिर होईपर्यंत दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो. "अडतीस," म्हणाले. "बी रांगेत अठ्ठावन्न. मी रोज दोनदा मोजतो."

"व्हॉल्व्ह खराब आहे, साहेब. येत्या शनिवारी बदलते."

"तुम्ही बदलणार?"

"हो."

"येतं तुम्हाला?"

"मुलाखतीत सांगितलं होतं ना."

त्यांनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "हे बघा बाई, माझी बायको छातीने अधू आहे. भर जुलैच्या थंडीत किटलीतलं पाणी घेऊन अंघोळ करते. मला तुमच्याशी भांडायची हौस नाही." ते खरंही असेल. पण जाताना मोजमापांचा कागद लिफ्टमध्ये लावून गेलेच, वर लिहिलेलं, "दोन मेपासून".

रविवार, १० जुलै

रविवार म्हणजे दोन्या इर्मांचा मुलगा मिल्टन येतो. बाराला, पेस्ट्रीचं पुडकं घेऊन, लिफ्ट वर असली तर जिन्याने. त्याआधी अकराला मला वर हजेरी. ब्लाउजची बटणं लाव, केस बांध, कानातलं अडकव, टेबल मांड. हातमोजे घालून दे. घरात, जेवायच्या आधी, हातमोजे. "थंडी आहे," म्हणाल्या. होती थंडी, पण मी नाही घालत.

"मिल्टनला सांग, आई ठणठणीत आहे."

"तुम्हीच सांगा की. दोन तास बसणार आहे तो."

"माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल."

दोनला तो खाली आला तेव्हा विचारलंच त्याने, आई कशी आहे म्हणून. म्हटलं, ठणठणीत, मला सात मजले नाचवते. हसला बिचारा. त्याच्या बायकोने एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय, बाग आहे, नर्स आहे, पण आईपुढे विषय काढायची सोय नाही म्हणाला. सध्या गरजही दिसत नाही. मी म्हटलं, छे, त्यांना कसली गरज.

शनिवार, १६ जुलै

केस अजून ओले आहेत, तरी लिहिते.

सकाळी आठला बॉयलर विझवला. टाकीवरचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला, तो नीट लागतो. ए रांगेचा पाइप खालून रिकामा केला, गुरगुरत गुरगुरत थांबला. अन्सेल्मोने सांगितलं होतं तसं एका पान्याने पाइप धरला आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह सोडवला, नाहीतर भिंतीतला पाइप पिळवटतो. चाळीस वर्षांचा गंज. दीड तास लागला. सुटला तेव्हा मी एकटीच हसले तळघरात. पडदा खरोखरच सुटून लोंबत होता.

आणि मग वरून पाणी आलं. आधी बोटभर, मग मनगटाएवढी धार. मोठा व्हॉल्व्ह बंद, टाकी बंद, तरी पाणी. हाताने दाबून धरलं तर तोंडावर, छातीवर, भिंतीवर. बादली, पोतेरं, डुल्सेचा डबा, काही उपयोग नाही. पाच मिनिटांत घोट्यापर्यंत आलं. थंडगार, हाडांत शिरणारं. बॉयलर विझवलेला होता म्हणून गार असेल.

पळून जावंसं वाटलं. दाराशी गेलेसुद्धा. मग अन्सेल्मोचं एक वाक्य आठवलं, अगदी सहज बोललेलं, की गोळीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून बसवावा, पाण्याला वाट द्यावी, मग बंद करावा. दांडा उघडा केला, धारेत तोंड खुपसून आटे जुळवले. तीनदा निसटला. चौथ्यांदा धरला. पान्याने आवळत गेले, पाणी माझ्या मांडीवर पडत राहिलं. मग पाव वळसा. आणि एकदम शांत.

रडले थोडी. आनंदाने की कशाने ठाऊक नाही.

पण बर्नरची मोटर भिजली. पेटत नाही. वायरमन येऊन काढून घेऊन गेला, वाळवून, तपासून मंगळवारी देतो म्हणाला. सोमवारी सुट्टी आहे. म्हणजे दोन्ही रांगांना तीन दिवस गरम पाणी नाही. चिठ्ठी माझ्या हाताने लावली लिफ्टमध्ये.

सोमवार, १८ जुलै

इथला संविधान दिन, सुट्टी. सगळी इमारत घरात, सगळी इमारत गार. बी रांगवाले आजवर माझ्या बाजूने होते, तेही आता तोंड फिरवतात. पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टर म्हणाली, "निदान पूर्वी निम्म्या लोकांना तरी मिळत होतं." तिने थट्टेने म्हटलं असावं.

 बेंतांकोरसाहेब किटली घेऊन दारात उभे होते, वाफ येत होती. 

तक्रार केली नाही ती फक्त दोन्या इर्मांनी. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "मला अंघोळीची घाई नाही. मी वेळ घेऊन करते."

मंगळवार, १९ जुलै

मोटर आली. अकराला बॉयलर पेटला. दोनला बेंतांकोरसाहेबांनी बोलावलं, थर्मामीटर माझ्याच हातात दिला. मी काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

"वाचा की," म्हणाले.

"एकोणचाळीस."

"एका अंशाने सुधारलंत."

नवा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा, एक थेंब गळत नाही. आणि पाणी कोमट.  तशीच अन्सेल्मोकडे गेले. तो शांतपणे खिळे निवडत होता. सगळं सांगितलं, धारेचंही.

"थांब. ती धार गार होती?"

"बर्फ."

"बॉयलर कधी विझवलास?"

"आठला."

"आणि धार आली साडेनऊला. दीड तासात सात मजल्यांचा पाइप बर्फ होत नाही, पोरी. शिवाय तू तो रिकामा केला होतास. गरम पाण्याच्या रिकाम्या पाइपात गार पाणी कुठून येणार?"

मी काउंटरवर कोपरं टेकली.

"वरून कुणीतरी देतंय तुला. ए रांगेत एखाद्या घरात गार आणि गरम एकमेकांना भेटलेत. शॉवरचे दोन्ही नळ उघडे टाकून पाणी हातातल्या फवाऱ्यालाच बंद करतात ना काही जण, त्यातलं असेल. गार पाणी उलटं शिरतं गरमात आणि सगळ्या रांगेत मिसळतं. मेपर्यंत नव्हतं, मग सुरू झालं. कुणाची तरी सवय बदलली."

"कुणाची?"

"ते मी इथून कसं सांगू? सात न्हाणीघरं आहेत, तुला सात वेळा बेल वाजवता येते."

बुधवार, २० जुलै

सहा न्हाणीघरं पाहिली. बेंतांकोरसाहेबांचं सर्वांत स्वच्छ, नळ घट्ट बंद. तिसऱ्यावर नळ ठिबकतो, पण दुसरं काही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने मेमध्ये कपड्यांचं मशीन घेतलंय, दोन नळ्यांचं, गरम आणि गार. माझा त्यांच्यावर दाट संशय आहे. मशीन सरकवून पाहू द्या म्हटलं तर मुलगी फणकारली.

सातव्यावर दोन्या इर्मांनी न्हाणीघरात पाऊल ठेवू दिलं नाही. दारात आडव्या उभ्या, शालीत हात. "माझं न्हाणीघर म्हणजे संग्रहालय नाही."

"दोन मिनिटं. फक्त नळ बघते."

"नळ आहेत. दोन आहेत. बघून झालं."

वाद घालायचं त्राण नव्हतं. एकटी म्हातारी, किती पाणी वापरणार. दुसऱ्या मजल्याचंच निघणार बघा. उद्या मशीन सरकवायला लावते, तीन दिवस राहिलेत.

गुरुवार, २१ जुलै

सकाळी दहाला इंटरकॉम वाजला आणि कुणी बोललंच नाही. नुसता पाण्याचा आवाज. सातव्याचा दिवा लागलेला. लिफ्टची वाट न पाहता जिन्याने गेले, पाचव्यावर श्वास संपला, तरी गेले.

न्हाणीघरात दोन्या इर्मा ओल्या झग्यात उभ्या होत्या. हातातल्या फवाऱ्याची कळ तुटून पडली होती आणि फवारा सापासारखा जमिनीवर फिरत होता. भिंतीवरचे दोन्ही नळ उघडे. त्या एका नळाला दोन मनगटांमध्ये धरून फिरवायचा प्रयत्न करत होत्या. मनगटांमध्ये, कारण बोटं मिटतच नव्हती. शाल नाही, हातमोजे नाहीत. पहिल्यांदाच पाहिले मी त्यांचे हात. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला झुकलेली.

मी दोन्ही नळ बंद केले. दोन सेकंदांचं काम.

टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसवलं. आणि खोटं का लिहू, मला आनंद झाला होता. सापडलं. सापडलं. दुसरा मजला नाही, बेंतांकोर नाही, मी नाही. खाली धावत जाऊन लिफ्टमध्ये चिठ्ठी लावावीशी वाटली.

"मेपासून का?" मी विचारलं.

"मेच्या आधी एका हाताने जमत होतं." दात वाजत होते त्यांचे. "मग एकदाच उघडून ठेवले, हवं तसं जुळवून. फवाऱ्याची कळ कोपराने दाबता येते."

"तुमच्यामुळे सगळी रांग गार पाण्याने न्हातेय, दोन्या इर्मा. माझी नोकरी चालली आहे."

"मला वाटलं व्हॉल्व्ह आहे. तूच सांगितलंस सगळ्यांना."

हे खरं होतं.

 केस पुसून दिले. कोरडे कपडे घातले, बटणं लावली. मेपासून लावतेच आहे की मी. लावताना एकदाही विचारलं नाही स्वतःला, ही स्वतः का लावत नाही. मला वाटायचं मिजास आहे.

"मिल्टनला कळलं की त्या बागेच्या ठिकाणी नेऊन ठेवतील," त्या म्हणाल्या. "वाईट नाहीत ते. चांगलेच आहेत. म्हणूनच नेतील. तिथे खोलीच्या दाराला आतून कडी नसते, ठाऊक आहे तुला?"

"आणि मला रिवेराला जावं लागेल. तिथे खोलीच नाही."

माझ्याकडे पाहिलं त्यांनी. "मग सांग तू सभेत. मी तुला नको म्हणणार नाही." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवार, २२ जुलै

अन्सेल्मोने दोन छोट्या एकमार्गी झडपा दिल्या, नळ आणि भिंतीच्या मधे बसतात. पाणी एकाच दिशेने जाऊ देतात, उलटं येऊ देत नाहीत. नवा फवाराही दिला, मोठ्या कळीचा. कुणाच्या घरी बसवायचं ते त्याने विचारलं नाही. दुपारी काम झालं. ताग मी सराईतासारखा गुंडाळते आता. दोन्या इर्मा आता दोन्ही नळ खुशाल उघडे ठेवू शकतात, कुणाला बाधा नाही.

संध्याकाळी बेंतांकोरसाहेबांनी जिन्यातच थर्मामीटर दाखवला. छप्पन्न. "काय केलंत?" म्हणाले. म्हटलं, उद्या सांगते.

सांगणार आहे. कागदावर लिहून ठेवलंय, बोलताना गडबड नको. सातवा मजला, ए. त्यात काय, खरं तेच. खोटं बोलून आले होते, निदान राहताना तरी खरं बोलावं. पानभर लिहिलं, तीनदा वाचलं. चार महिन्यांनी उन्हाळ्यात हातमोजे निघाले की मिल्टनला आपोआप कळणारच आहे. 

शनिवार, २३ जुलै

चारला वर गेले होते. हिरवा कोट घालून दिला, पाच बटणं, वर शाल. हातमोजे. ओठांना लाली लाव म्हणाल्या, तीही लावली, थोडी बाहेर गेली ती पुसली. 

सहाला तळमजला भरला. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या, बागेतल्या घडीच्या, डॉक्टरीणबाईंचं दवाखान्यातलं गोल स्टूल. मिल्टन आज सभेसाठी आला होता, आईची वेताची खुर्ची घेऊन उतरला, तिच्या शेजारी स्वतः उभा राहिला. मी लिफ्टच्या दाराशी, माझी खुर्ची आणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेंतांकोरसाहेबांनी आकडे वाचले. अडतीस, एकोणचाळीस, छप्पन्न. "सुधारणा मान्य," म्हणाले. "पण बिघाड काय होता? बाईंनी आम्हाला व्हॉल्व्ह सांगितला होता."

"व्हॉल्व्ह खराब होताच. पण त्यामुळे नव्हतं. एका घरात गार पाणी गरमात शिरत होतं. आता बंद केलंय."

"कुठल्या घरात?"

कागद माझ्या खिशात होता. हातही खिशात होता. दोन्या इर्मा ताठ बसल्या होत्या, मी लावलेल्या पाच बटणांत, माझ्याकडे न बघता. मिल्टनने त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

गलका झाला. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, माझं मशीन सरकवायला निघाली होती आणि आता नाव लपवते, हा कुठला न्याय. तिचं बरोबर होतं. बेंतांकोरसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आधी व्हॉल्व्ह, मग मोटर भिजली, तीन दिवस इमारत गार. आता एक घर, आणि त्याला नाव नाही. तुमच्या जागी मी असतो, बाई, तर मीही हेच म्हटलं असतं. आम्ही ते का मानावं?"

"नका मानू," मी म्हटलं. "पाणी गरम आहे."

हात वर करून मतं. मला ठेवावं असं वाटणारे. मी जमिनीकडे पाहत होते. बेंतांकोरसाहेब मोठ्याने मोजत होते, पाच, सहा, सात. थांबले. विरोधात सहा. "सात म्हणजे निम्मे. नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त लागतात. दोन्या इर्मा, तुमचा हात कुठेच दिसला नाही."

"थांबा जरा," दोन्या इर्मा म्हणाल्या.

शालीतून हात काढला. हातमोज्याचं टोक दातांत धरलं आणि ओढलं. वेळ लागला. चौदा घरं बघत होती, मिल्टन वरून बघत होता. हातमोजा मांडीवर पडला आणि तो हात त्यांनी वर केला, जेवढा जाईल तेवढा. बोटं सरळ होत नव्हती, त्यांनी करायचा प्रयत्नही केला नाही.

"सातवा मजला, ए," म्हणाल्या. "नळ फिरवता येत नाहीत मला. मेपासून उघडे टाकत होते. तुमच्या बायकोची मी माफी मागते, बेंतांकोर. आता मोजा."

 बेंतांकोरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आठ," म्हणाले आणि लिहिलं.

त्यांनी लिहून होईपर्यंत तो हात वरच होता. मग मिल्टनने तो धरून हळूच खाली घेतला.

रविवार, २४ जुलै

मी कायम झाले. कागदावर सही केली सकाळी. उड्या माराव्यात असं वाटायला हवं होतं.

अकराला वर गेले नाही. मिल्टन नऊलाच आला होता, पेस्ट्री नव्हती हातात. वरून मोठे आवाज येत होते, दोन्या इर्मांचा जास्त. दीड वाजता तो खाली माझ्या दारात आला. आत बोलावलं. थर्मासमधलं पाणी घालून येर्बाचा कडू चहा भरला, नळी त्याच्याकडे करून पुढे केला. त्याने नळी तोंडाला लावली नाही.

"म्हणते इथून हलणार नाही. केअरटेकर कायम झालीय म्हणते. तुमच्याशी न बोलताच तिने सगळं ठरवलंय." मग म्हणाला, "तिची बटणं कोण लावतं?"

"मी."

"कधीपासून?"

"मेपासून."

खिडकीबाहेर बूट जात होते, रविवारचे, पॉलिश केलेले. तो ते बघत होता.

"मी दर रविवारी येतो," तो म्हणाला.

 मी तर रोज वर जात होते, मलाही दिसलं नव्हतं. त्याच्या हातातला चहा गार झाला होता, तो घेतला आणि दुसरा भरून दिला.

"दर रविवारी," तो पुन्हा म्हणाला.